शारदा मधात चालते

आमच्या वननाक्यावर किस्से सरपणासारखे साचतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. येता-जाता एकेक टाकला जातो, आणि पावसाळ्यात लाइट गेली की आम्ही एकेक काढून शेकत बसतो. नाका नागभीडच्या पुढे आहे. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. माणसं आम्ही पाच: राऊंड ऑफिसर गेडाम साहेब, वनमजूर मेश्राम भाऊ, ड्रायव्हर चंदू, वनरक्षक शारदा आणि दुसरा वनरक्षक मी. वाघ सगळ्यांना तोच भेटतो, पण टेन्शन ज्याला-त्याला आपापल्या स्वभावाप्रमाणे येतं.

सुरुवात माझ्यापासून करतो, नाहीतर बाकीचे म्हणतील की स्वतःचं बरोबर झाकलं.

* * *

मला टेन्शन आलं की तोंड चालू होतं. एकदा मोटारसायकलवरून बीटमध्ये, म्हणजे मला नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, चाललो होतो. वळण घेतलं तर रस्त्यावर साहेब बसलेले. गेडाम साहेब नाही, पट्ट्यांचे. गाडी आपोआप बंद पडली. मी हळूच वायरलेस काढला आणि नाक्याला सांगितलं, "समोर वाघ हाय."

"लोकेशन सांगा," गेडाम साहेबांनी विचारलं.

मी सांगायला लागलो. माझं नाव, वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, मारुतीच्या देवळामागचं तिसरं घर, अंगणात सीताफळाचं झाड. सगळं एका दमात. तोपर्यंत वाघ कंटाळून उठून गेला.

मग साहेबांचा आवाज आला, "घरी हायेस तं वायरलेस काऊन वापरून राह्यला?"

* * *

साहेबांचं उलट आहे. टेन्शन जितकं मोठं, तितके ते गप्प. आणि हातात झाडू.

एकदा वाघाने एका शेतकऱ्याची दुभती गाय मारली. अख्खं गाव नाक्यावर आलं. आरडाओरडा चालू, पुढची पोरं गेट हलवून राहिलेली. चंदूने जीपची चावी खिशात घातली, मी बोलायला तोंड उघडलं, तर मेश्राम भाऊंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. साहेब बाहेर आले. कोपऱ्यातला खराटा उचलला आणि अंगण झाडायला लागले.

लोकांना काही समजेना. साहेब झाडत-झाडत त्यांच्या पायाशी आले. "भाऊ, जरा पाय उचला." त्याने उचलला. "बाई, इकडं सरा थोडं." त्या सरल्या. असं करत साहेबांनी पूर्ण अंगण झाडलं. ज्याची गाय गेली होती, तो शेतकरी गेटजवळ उभा होता. त्याच्यापाशी पोचल्यावर साहेबांनी खराटा ठेवला आणि विचारलं, "काय नाव होतं तिचं?"

तो माणूस खाली बसला आणि रडला. साहेब त्याच्याजवळ बसले. मग पंचनामा शांततेत झाला. जाताना मागची एक म्हातारी म्हणाली, "साहेब, सडा टाकून देऊ का?"

* * *

मेश्राम भाऊंची गोष्ट वेगळीच. त्यांना टेन्शन येतच नाही असं आम्ही समजायचो. जंगलाच्या हद्दीवर एक दगड आहे. तिथे थांबून ते मोठ्याने म्हणतात, "जोहार. येतो आमी." आणि बाहेर पडताना त्याच दगडाशी, "चाललो."

चंदू त्यांना चिडवायचा. "भाऊ, वाघ झोपला असंन तं उगाच उठवून राह्यले तुमी त्याले."

"दुसऱ्याच्या घरात जातानी आवाज देतेत का नाई?" भाऊ म्हणायचे.

एकदा ऐन उन्हात आम्ही गस्त संपवून आलो. हातपाय धुतले, शिदोऱ्या सोडल्या. भाऊंनी पहिला घास घेतला आणि तसाच हातात धरून बसले. मग उठले, चपला घातल्या आणि निघाले. कुठं, विचारलं तर म्हणाले, "चाललो म्हणाचं राहून गेलं. तो वाट पाहत राहीन."

परत आले तेव्हा भाजी आंबूस झाली होती. शारदाने आपला डबा त्यांच्यापुढे सरकवला.

* * *

आता शारदाचं.

शारदा तिच्या गावात वर्दी घालणारी पहिली पोरगी. भरतीच्या धावण्याची तयारी तिने धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून पळून केली होती. बीटवर ती नेहमी समोर चालायची. आमच्यात पद्धत अशी की गस्तीला दोघं. एकाने समोर पाहायचं, एकाने मागे.

एक दिवस नाल्याजवळ रायमुनियाच्या झुडपातून वाघीण तिच्या अंगावर धावून आली. चार हातांवर थांबली, गुरगुरली आणि वळून गेली. मागून मेश्राम भाऊ काठी आपटत ओरडत होते. शारदाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

ती नाक्यावर आली. आम्ही सगळे घाबरून उभे, तर तीच म्हणाली, "बसा, चाय ठेवते." चंदूला टेन्शनमध्ये हसू येतं, त्यामुळे तो जीपमागे पळाला. मला राग आला. मी बोलायला गेलो तर तो टायरला टेकून रडत होता.

चहा आला. त्यात दूध होतं, साखर होती, आलं होतं, पत्ती नव्हती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. साहेबांनी कप संपवला आणि म्हणाले, "मस्त झाली चाय. अजून हाय का?"

* * *

दुसऱ्या दिवशी ती दगडापर्यंत आली आणि थांबली. पाय पुढे जाईनात. "समोर चालते तं समोर वाघीण दिसते. मांगं चालते तं मांगून येऊन राह्यली असं वाटते." नंतर साहेबांना म्हणाली, "मले लाकूड डेपोत पाठवा. नाई तं मी नोकरीच सोडते. बाबाले कसं सांगू, ते समजून नाई राह्यलं."

शिकवायला, समजवायला आम्ही सगळे तयार होतो. मी तर भाषणच तयार केलं होतं. मेश्राम भाऊ म्हणाले, "मंग मधात चाल."

तीन माणसं एका गस्तीला द्यायची म्हणजे आमच्यासारख्या नाक्याला परवडण्यासारखं नव्हतं. पण साहेब म्हणाले, "मोहफुलांचा सीझन होऊ दे, मंग पाहू डेपोचं." आणि तिसरा माणूस म्हणून स्वतः निघाले. त्या दिवसापासून आमची गस्त तिघांची झाली. समोर भाऊ नाहीतर मी, मागे साहेब, मधात शारदा. तिला कोणी काही विचारलं नाही. मला तर बोलायचीच बंदी होती, आणि ती मी पाळली, हे इथे नोंदवून ठेवतो. साहेबांना मागे चालताना टेन्शन यायचं, पण जंगलात खराटा कुठून आणणार? ते पर्यटकांनी फेकलेली वेफरची पाकिटं उचलत यायचे. आमची बीट त्या वर्षी जितकी स्वच्छ होती तितकी कधीच नव्हती.

अशाच एका पाकिटासाठी वाकताना साहेबांचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी पाय जमिनीवर टेकवू नका म्हणून बजावलं. साहेब नाक्यावर खाटेवर, पाय उशीवर, वायरलेस छातीवर.

* * *

तेव्हा मोहाची फुलं गळत होती. सकाळी गावातली कौसाबाई टोपली घेऊन नाक्यावर आली. तिची मोहाची झाडं हद्दीच्या आतच, पण वाघिणीची बातमी ऐकल्यापासून ती तिकडे गेली नव्हती. फुलं झाडाखाली सडत चालली होती. "कोणी संगं या वं," ती म्हणाली. भाऊ आणि चंदू दूर, वणवा अडवायच्या जाळरेषेवर गेलेले. राहिलो मी आणि शारदा. साहेबांनी खाटेवरून शारदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वायरलेसचा आवाज वाढवला.

आम्ही तिघं निघालो. दगडापर्यंत मी समोर, शारदा मधात, कौसाबाई मागे. दगडाशी कौसाबाई थांबली. टोपली छातीशी धरली.

"बाई, चला ना," मी म्हणालो.

"पाय नाई उचलून राह्यले रे बाबू. समोर पाहते तं भेव लागते, मांगं पाहते तं भेव लागते."

शारदा तिच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही पण परत फिरणार. तिने कौसाबाईच्या हातातली टोपली घेतली, स्वतःच्या कमरेवर ठेवली.

"बाई, तुमी मधात चाला," ती म्हणाली.

मग माझ्या बाजूने निघून ती दगडासमोर उभी राहिली. आवाज जरा फाटला, पण निघाला. "जोहार. येतो आमी."

मी मागे सरकलो. वायरलेस खरखरला.

"लोकेशन सांगा," साहेब म्हणाले.

मी पाहत होतो. पळसाखालून ती टोपली कमरेवर घेऊन चालली होती, तिच्या मागे कौसाबाई.

"साहेब," मी म्हणालो, "शारदा समोर हाय."

साहेबांनी उत्तर द्यायला बटण दाबलं आणि ते तसंच अडकून राहिलं असावं. आधी खाट करकरली, मग बराच वेळ वायरलेसमधून खराट्याचा आवाज येत होता.