उगवतीकडं पाय
ओल्या चुन्याचा वास आला की मला बारामतीच्या ख्रिस्ती स्मशानभूमीतली, ईस्टरच्या आदल्या दिवशीची ती दुपार आठवते. नव्वदीच्या दशकातली गोष्ट, मी सतरा वर्षांची होते. आबा, म्हणजे माझे वडील, आईच्या कबरीला चुना देत होते आणि मी बादली धरून उन्हात उभी होते. दुसऱ्या दिवशी माझं दृढीकरण होतं, म्हणजे मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा चर्चमधला विधी. मेलेली माणसं पुन्हा उठतील यावर माझा विश्वास आहे, असं मला चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, सांगायचं होतं. "आबा, मला तसं वाटतच नाही," मी एकदाची बोलून गेले. त्यांचा कुंचा थांबला. आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले. "तुज्या आयचं पाय उगवतीकडं ठेवल्यात," ते कबरीकडंच बघत म्हणाले, "उठंल तवा समोर सूर्य दिसावा म्हणून. माजा हाय विश्वास. पन माजा उसना घिऊन तू उद्या बोलू नगं." दुसऱ्या दिवशी पाळकांनी विचारलं तेव्हा मी "अजून नाही" म्हणाले. चर्चभर कुजबुज झाली, पण आबांनी मान खाली घातली नाही. पुढं मला ते कुणीच कधी विचारलं नाही. गेल्या महिन्यात आईच्या कबरीशेजारी आबांची शवपेटी खाली सोडताना माणसांनी चुकून डोकं उगवतीकडं केलं. "थांबा, फिरवा!" मी ओरडले, "उठतील तेव्हा त्यांना सूर्य दिसायला हवा!" माणसं पेटी फिरवू लागली, तेव्हा कुठं माझं बोलणं माझ्या कानावर आलं.