भिंतीवरचा अनुस्वार

छापखान्यात त्याला सगळे वेलांटी म्हणत, कारण ऱ्हस्व की दीर्घ यावरून तो जेवण सोडून भांडायचा. यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका तो घरी बसून तपासायचा. एका सकाळी त्याच्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरने मान टाकली. नवा यायला आठवडा लागणार होता आणि काम तर मानगुटीवर बसलेलं.

मेहुण्याने आपला सिनेमाचा प्रोजेक्टर आणून दिला. "भिंतीवर बघा की, दाजी. डोळ्यांना आराम."

बायकोने सासऱ्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला, पडदे ओढले, आणि वॉशिंग मशीनची पुस्तिका भिंतभर उजळली. एकेक वेलांटी हाताएवढी. एक ओळ वाचायची तर मान या दारापासून त्या दारापर्यंत फिरवायची. बायको मधून गेली की सूचना तिच्या पाठीवर चढत.

"थांब जरा," तो म्हणे, "'ओल्या हाताने स्पर्श करू नये' तुझ्या खांद्यावर आलंय."

खरा छळ मांडला तो खिळ्याने. फोटोचा खिळा भिंतीतच होता, तो नेमका 'मागे' या शब्दावर बसला. वेलांटीला दिसलं 'मांगे'. त्याने खोडायचं बटण दाबलं. 'मा' गेला, अनुस्वार तिथेच. पान सरकवलं, तर तो 'पाणी'वर जाऊन बसला.

"फाइलच बिघडलीय," तो घामाघूम होऊन म्हणाला.

बायकोने उठून खिळा उपटला. भोक राहिलं, म्हणजे अनुस्वारही राहिला. शेवटी तिने तो टूथपेस्टने बुजवला.

आईला हा प्रकार फार आवडला. दुसऱ्या दुपारी ती शेजारच्या दोन मैत्रिणींना घेऊन आली. तिघी चष्मे पुसून सोफ्यावर बसल्या.

"सावकाश सरकव रे, हिचं वाचून व्हायचंय," आई म्हणाली.

"पुढे काय होतं?" एका मैत्रिणीने विचारलं.

"पाणी भरतं," वेलांटी म्हणाला.

"ते वाटलंच होतं."

तेवढ्यात छापखान्याच्या मालकांचा व्हिडिओ कॉल आला. मालकांचं तोंड छतापासून जमिनीपर्यंत पसरलं. दोघी मैत्रिणी पाय खाली घेऊन ताठ बसल्या.

"तुमच्या मागे कोण बसलंय?" मालकांनी विचारलं.

"वाचक," वेलांटीच्या तोंडून निघून गेलं.

मालक पुढे झुकले. त्यांच्या उभ्या हयातीत पुस्तिका वाचणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी अदबीने विचारलं, "कशी वाटली?"

"बरी आहे," आई म्हणाली. "पण कपडे आत टाकलेत तिसऱ्या पानावर आणि दार उघडलंय चौथ्यावर. टाकले कुठून?"

मालकांनी भलीमोठी पापणी मिटली, उघडली, आणि ते पान दुरुस्तीला मागवून घेतलं.

नवा मॉनिटर आला तेव्हा वेलांटीला हायसं वाटलं. आतल्या खोलीत, नखाएवढ्या अक्षरांत त्याने मिक्सरची पुस्तिका उघडली. दुपारी पाणी प्यायला बाहेर आला, तर पडदे ओढलेले, अंधार, आणि तिघीजणी कोऱ्या भिंतीकडे बघत बसलेल्या.

"आज काही नाही, आई."

"असू दे. आम्ही थांबतो."

थोडा वेळ तो दारात घुटमळला. मग आत जाऊन कॉम्प्युटर उचलून बाहेर घेऊन आला आणि प्रोजेक्टरला जोडला.

"भांड्याचं झाकण," एक मैत्रीण मोठ्याने वाचू लागली.