मागं बसून बघा

मोटारसायकलच्या शोरूममध्ये मी बराच वेळ बघत होते. येणारा प्रत्येक पुरुष पुढं बसतो, हँडल धरतो, आरशात केस सारखे करतो. मागं कुणीच बसून बघत नाही. तिथं बायको बसणार, त्यात काय बघायचं!

उंच सीटवर वर्षानुवर्षं एका बाजूला बसून माझे गुडघे गेले. आता आमच्या ह्यांचेही दुखायला लागले, तेव्हा कुठं आरामशीर गाडी हवी झाली.

म्हटलं, "अहो, आधी मागं बसा. माझ्यासारखं, दोन्ही पाय एकीकडं सोडून."

"लोक हसतील गं."

"हसू देत."

बसले. उतरताना कळवळले, आधाराला हात पुढं केला. मी पदर सारखा करत राहिले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग स्वतःच सेल्समनला म्हणाले, "जरा बुटकी दाखवा हो."

बुटकी आली. तिच्यावरही आधी त्यांनाच बसवलं.