करारबद्ध नोकर

मुलगी परीक्षेसाठी अमेरिकेतल्या जुन्या इंग्रजी वसाहतींचा धडा मोठ्याने वाचत होती. ‘पळून जाणाऱ्या करारबद्ध नोकरांना चाबकाचे फटके मिळत’ हे ऐकलं आणि मला पांढरकवड्याचा आमचा वर्ग आठवला.

मॅडम हेच शिकवत असताना माझ्या बाकावरच्या शांताचा काका आत घुसला. “लग्नाले नाही म्हनतं काय वं?” म्हणत त्याने तिला वेणी धरून ओढलं. त्याच्या कमरेच्या पट्ट्याने तिचा गाल फाटला, पुस्तकावर रक्त सांडलं. मॅडम मध्ये पडल्या. पुढचा फटका त्यांच्या मनगटावर बसला, बांगड्या फुटल्या.

“आधी मले मारा, मग तिले हात लावा!”

काका शिव्या देत निघून गेला. शांता मॅडमच्या घरी राहून शिकली.

तेव्हा मॅडम केवढ्या मोठ्या वाटल्या होत्या! आता कळतं, त्या जेमतेम तेविशीच्या होत्या, आणि खाली पडलेला खडू उचलताना त्यांच्या हातून पुन्हा पुन्हा निसटत होता.