दहा आहेत अजून

नव्वदीच्या सुरुवातीला नाशिक रोडला आमची बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुद्यांची, घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. प्रार्थनेला सिनेगॉग नव्हतं, म्हणून शनिवारी दुपारी मुलं आमच्याच क्वार्टरमध्ये जमायची, सगळी पंधरा-सोळा वर्षांची. आमचे हे नोटांच्या प्रेसमध्ये कामाला. सुट्टीची झोप सोडून मुलांना हिब्रू वाचायला शिकवायचे. मी काळ्या मनुका भिजवून शरबत करायची. अर्धी मुलं शरबतासाठीच येतात असं मी म्हणायची, आणि ते यांना झोंबायचं.

शाळेत मुलांना सगळे विचारायचे, तुम्ही मुसलमान की ख्रिश्चन? एकजण तर कटकट नको म्हणून ख्रिश्चन सांगून मोकळा व्हायचा. हे त्याला रागावले नाहीत. आपले पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवून जगले, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, एवढंच सांगितलं. "कुणी विचारलं तर हे सांग. मान वर करून सांग." पुढे तोच मुलगा सगळ्यांत चांगला वाचायला लागला.

मान वर झाली की लांबचं दिसायला लागतं. मुलं एकेक करून इस्रायलला गेली. हे प्रत्येकाला स्टेशनवर पोचवायला जायचे आणि छाती फुगवून परत यायचे. मी म्हणायची, "अहो, तुम्ही शिकवताय की गाव रिकामं करताय?"

मला भीती वेगळीच होती. यांचं हृदय अशक्त झालं होतं. "मला बाकी काही नको, मातीवर कद्दीश म्हटलं गेलं पाहिजे," असं ते सारखं म्हणायचे. आमच्यात मयतासाठीच्या त्या प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष लागतात. बायका धरत नाहीत. मला ती प्रार्थना पाठ होती, पण उपयोग शून्य.

शेवटी तो पूर्वीचा ख्रिश्चन उरला होता. त्याचेही तिकडे जायचे कागद आले. निघण्याआधी तो घुटमळला. "काका, मी गेलो तर दहा राहतील ना?"

यांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं, "हा एक," आणि मग नाशिक रोड, देवळाली, अंबड करत पुरुष मोजले. "दहा आहेत अजून. तू जा. तिकडे काहीतरी होऊन दाखव." मीही तिथेच भाजी निवडत बसले होते. माझ्याही डोक्यात आलं नाही.

वर्षभरात हे गेले. शुक्रवार होता, सूर्य मावळून शब्बाथ, आमचा विश्रांतीचा वार, लागायच्या आत माती द्यायची होती. मुंबईतले यांचे भाऊ केव्हाच इस्रायलला गेलेले. ठाण्याहून आमच्यातलं कुणी वेळेत पोचणं शक्य नव्हतं. दफनभूमीत प्रेसमधली शंभरेक माणसं आली आणि आमचे नऊ पुरुष. मी पुन्हा मोजले. नऊच. दहावे खाली होते. मला मेलेल्या माणसाचा राग आला, इतका की रडू आटलं.

समोरच्या ब्लॉकमधले, बौद्ध, यांच्या शिफ्टचे एक सोबती पुढे आले. "वहिनी, मला धरा की दहावा. वीस वर्षं एका डब्यात जेवलो." आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना जवळ घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली. कद्दीश न म्हणताच माती लोटली. ते सोबती शेवटपर्यंत फावडं मारत राहिले.

आठवड्याने तिकडून त्या मुलाचा फोन आला. बातमी त्याला कळली होती. सैन्यात जाणार होता, त्याआधी काकांना सांगायचं राहिलं म्हणाला. मग विचारलं, "काकू, कद्दीश नीट झालं ना? दहाजण होते ना?"

बोलून टाकावं असं फार वाटलं. पण यांनी त्याची मान वर केली होती, ती मी खाली कशी घालू?

"झालं," मी म्हटलं. "दहा होते."