रद्द झालेल्या वॉर्डाचा नकाशा

एका नकाशाच्या चोरीचा तपास माझ्या मनातून अजून उतरलेला नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की ओठांवर आधी हीच येते, आणि सांगताना छाती थोडी फुगते, हे कशाला लपवू?

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या शहरात मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. माणसांची नावं लिहीत नाही, वाडीचंही बदललं आहे. नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी नव्या प्रभाग रचनेचा मसुदा जाहीर झाला होता. त्यात मच्छीमारांचा खारवाडी वॉर्ड रद्द करून शेजारच्या वॉर्डात मिसळला होता.

हा वॉर्ड नगरपालिकेइतकाच जुना. पहिल्या निवडणुकीआधी पालिकेचा कारकून वाडीतल्या दोन जाणत्यांना घेऊन पायी फिरला, आणि जिथपर्यंत वाडीची मासळी वाळत पडते तिथपर्यंत त्याने नकाशावर लाल शाईची रेषा ओढली. पुढे वॉर्डाचा क्रमांक बदलत गेला, लोकांच्या तोंडी मात्र 'खारवाडी वॉर्ड'च राहिला. याच वॉर्डाने एका मासे विकणाऱ्या बाईला नगरसेवक केलं. सभागृहात ती म्हणायची, "आधी नळ, मगे भाषणा." वाडीत नळ आला तो तिच्यामुळे.

वॉर्ड गेला तर गेला, इथवर वाडीने मनाची तयारी केली होती. पण मसुद्यात नवी हद्द रस्त्यावरून नेली होती आणि रस्त्यापलीकडचं मासळी वाळवायचं मैदान बाजारपेठेच्या प्रभागात टाकलं होतं. मैदानात मतदार राहत नाहीत, त्यामुळे रेषा इकडे गेली काय नि तिकडे गेली काय, लोकसंख्येचा आकडा तोच. गोम अशी की त्या मैदानावर पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ करायचा प्रस्ताव होता, आणि बाजारपेठेच्या नगरसेवकाला खारवाडीच्या बायकांच्या मतांशी काही देणंघेणं नव्हतं. मैदान गेलं की वाडीचं पावसाळ्यातलं जेवण गेलं.

हरकतींची सुनावणी पाच दिवसांवर आली होती. वाडीने जुन्या नकाशाची नक्कल मागितली. अभिलेख कक्षातलं कपाट उघडलं तर नकाशा गायब! मुख्याधिकाऱ्यांनी फिर्याद दिली.

मी स्वतः पंचनाम्याला गेलो. कुलूप शाबूत, कप्पा रिकामा. कप्प्यात फक्त एक विड्याचं पान आणि सुपारी. "कचेरीत कोणीतरी पान खाणारा दिसतोय," असं म्हणून मी ते जप्तीत घेतलं आणि पुढे गेलो. पुढे कसला जातोय, तोंडावर आपटलो.

त्याच संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला, "वाहनतळाच्या ठेकेदाराक इचारा." माझ्याही डोक्यात तोच होता. दोन दिवस त्याला बसवून उलटसुलट विचारलं. तो रडकुंडीला आला. शेवटी त्याने फोटो आणून दाखवले. नकाशा ज्या आठवड्यात गेला असं कचेरीतले सांगत होते, तो सगळा आठवडा तो सावंतवाडीत भाचीच्या साखरपुड्याच्या गडबडीत होता, पंगतीला वाढत होता. माफी मागून त्याला सोडला. आपल्याला जे खरं असावंसं वाटतं तेच सांगणारी खबर पोलिसाने सगळ्यात आधी तपासावी, एवढं मात्र तेव्हा शिकलो.

तिसऱ्या सकाळी मुद्देमालाची नोंद करणाऱ्या हवालदारबाई माझ्या टेबलाशी आल्या. आतल्या भागातल्या, भातशेती करणाऱ्या घरच्या.

"साहेब, या पानाचा देठ बघितलात?"

"देठाचं काय?"

"खायचं पान असतं तर देठ खुडला असता. हे देठासकट आहे. सुपारीही अख्खी आहे." एवढं प्रमाण मराठीत बोलून झालं आणि मग त्यांना राहवलं नाही. "सायबानू, ह्यो चोर नाय. ह्येना देवाक इचारून नेल्यान!"

मी कपाळावर हात मारून घेतला. मीही सावंतवाडीकडचाच. आमच्याकडे महत्त्वाची वस्तू जागची हलवायची तर आधी पानसुपारी ठेवून गाऱ्हाणं घालतात. काय नेतोय, कशासाठी नेतोय, ते देवाला मोठ्याने सांगतात. हे मी आईच्या कडेवरून पाहिलेलं. अंगावर वर्दी चढली आणि डोळे फुटले!

सरळ नगरपरिषदेत गेलो आणि विचारलं, "इथे गाऱ्हाणं कोण घालतो?" सगळे हसायला लागले. एक लिपिक म्हणाला, "आमचे जुने शिपाई. कपाट सरकवायचं म्हटलं तरी देवाला अर्ज!" हे शिपाई वर्षभरापूर्वी निवृत्त झाले होते. गेल्याच आठवड्यात येऊन सगळ्यांना भेटून गेले होते. कक्षाची किल्ली कुठल्या खिळ्याला असते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

दुपारी त्यांच्या घरी गेलो. डोक्यात प्रश्नांची तयारी होती. त्यांनी गूळपाणी पुढे केलं आणि म्हणाले, "उशीर केल्यात सायबानू. मी सोमवारपासून वाट बघतंय."

"नकाशा तुम्ही नेलात?"

"व्हय. नेलंय."

"का?"

"तो रद्दीच्या यादीत घातल्यानी होतो. वॉर्ड रद्द, म्हणजे कागद रद्द! पस्तीस वर्सा मी तो वाळवीपासून राखलंय. सुनावणीआधी नकाशो गेलो असतो तर वाडयेन काय दाखवल्यान असता?"

यादी मी नंतर पाहिली. त्यात कोणाचा डाव नव्हता, एका लिपिकाने न वाचता नाव चढवलं होतं. शिपायांनी पोटमाळ्यावरून प्लॅस्टिकचा पाईप काढला. दोन्ही तोंडांना झाकणं, आत कापूर, लवंगा आणि सुती लुगड्यात गुंडाळलेला नकाशा. लाल रेषा मैदानाला पूर्ण वळसा घालून गेली होती.

संध्याकाळी वाडीतले एक पुढारी ठाण्यात आले. "साहेब, कपाटामागे सापडला म्हणून लिवा. म्हाताऱ्याचा नाव कशाक?" मलाही मोह झाला, खोटं बोलत नाही. पण तसं लिहिलं असतं तर पंचनाम्यात गायब असलेला नकाशा अचानक आला कुठून, असं विचारून बाजारपेठवाल्यांच्या वकिलाने सुनावणीत तो बनावटच ठरवला असता. मी ठाण्यात आणलेले म्हातारे शिपाई बाकावर बसून ऐकत होते. ते उठले. "माझा नाव घाला. चोरी म्हणानच घाला. नकाशो थंय पोचांदे."

मी चोरीचं कलम लावलं. पंचांसमोर नकाशा जप्त केला, सील केला आणि तो घेऊन स्वतः सुनावणीला हजर राहिलो. सुनावणी घेणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्यांनी तो उलगडला, बोटाने रेषा फिरवली आणि विचारलं, "इतका जुना कागद एवढा नीट कोणी जपला?"

"आरोपीने, साहेब," मी म्हणालो.

खारवाडी वॉर्ड काही वाचला नाही, तो रद्दच झाला. पण अंतिम रचनेत मैदान वाडीच्याच प्रभागात राहिलं आणि वाहनतळाचा विषय मागे पडला. आज तिथे बायका मासळी वाळवताना दिसतात तेव्हा मी गाडी थांबवून बघत बसतो. कायद्याला बगल दिली असती तर ते मैदान गेलं असतं, आणि देठाकडे दुर्लक्ष केलं असतं तरीही गेलं असतं. पोलिसाला आपली माणसं कळली पाहिजेत आणि कलमंही. माझ्या ठाण्याने त्या आठवड्यात दोन्ही सांभाळली, याचा मला अभिमान आहे.

शिपायांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. त्यांचं वय आणि हेतू पाहून न्यायाधीशांनी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्यांना सोडायचं ठरवलं आणि विचारलं, "यांना जामीन कोण राहणार?"

जामिनाला एक माणूस पुरतो. मागच्या बाकांवरून, व्हरांड्यातून, टोपल्या खाली ठेवून अख्खी खारवाडी उभी राहिली. कागदावर तो वॉर्ड महिन्याभरापूर्वीच संपला होता. माझे डोळे भरून आले, आणि वर्दीत असूनही मी ते पुसले नाहीत.