मे महिन्यात मला गाव नसतं

आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये पाणी एक दिवसाआड येतं, किस्से रोज येतात. पाणी मी पिंपात भरतो, किस्से डोक्यात. डोकं आधीपासूनच रिकामं असल्यामुळे जागेची अडचण कधी आली नाही.

*

समोरच्या फ्लॅटमध्ये मिश्राजी राहायला आले. कंपनीत सुपरवायझर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काका, गाँव कहाँ है आपका?"

मी म्हटलं, "यही."

त्यांना वाटलं, मी हिंदीत कच्चा आहे. तो तर आहेच. त्यांनी सोपं करून विचारलं, "मतलब, छुट्टी में कहाँ जाते हो?"

आता काय सांगू? ही बिल्डिंग आमच्याच वाडीवर उभी आहे. माझी बेडरूम आहे तिथं फणस होता. सुट्टीत मी फार तर बेडरूममध्ये जातो!

गाव नसलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. संध्याकाळी त्यांच्या घरून ताटभर लिट्टी-चोखा आला. अनाथाला पाठवतात तसा.

*

मे महिन्यात अख्खी बिल्डिंग गावाला जाते. कुणी बिहार, कुणी ओडिशा, कुणी सोलापूर. किल्ल्या माझ्याकडे, कारण काका कुठं जाणार? आमच्या हॉलमध्ये खिळ्याखिळ्यावर किल्ल्या लटकतात. नव्या पाहुण्याला वाटतं मी लॉज चालवतो.

किल्लीबरोबर कामंही येतात. कुणाची तुळस, कुणाचं पिंप, वरच्या साहूंचे काचेच्या पेटीतले मासे. एकदा माहीमचा माझा मावसभाऊ आला. बराच वेळ पेटीसमोर बसून राहिला आणि मग हळूच म्हणाला, "मोठे कवा होतील रे?" त्या दिवसापासून साहूंच्या घरात शिरलो की मी आधी आतून कडी लावतो!

*

जूनमध्ये सगळे परततात ते गावचा खाऊ घेऊन. ठेकुआ, शेंगाचटणी, लोणची. मी फक्त घेणारा. एका वर्षी लाज वाटली म्हणून बाजारातून केळी आणली आणि "आमच्या गावची" म्हणून वाटली.

साहू खाऊन म्हणाले, "नीचे वाले ठेले जैसा ही टेस्ट है."

मी म्हटलं, "मिट्टी सेम होगी."

*

शेवटी यंदा जाहीर केलं, मीपण गावाला जाणार. मिश्राजींनी मिठीच मारली. ट्रेनने का, विचारलं. मी म्हटलं, रोडने. किती तास लागतात? म्हटलं, ट्रॅफिकवर आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

गाव म्हणजे बेटेगाव. बायकोच्या भावाचं घर. रिक्षात बसलं की आलंच.

बायकोला चल म्हटलं, तर म्हणाली, "मी नाय येत. मंग एवढ्या घरांचं पाणी कोण भरील? तुमी जा, न संध्याकाळी जेवायला या."

मिश्राजी माझ्या आदल्या दिवशी निघाले. घरची माणसं आधीच पुढं गेलेली. यांचं तिकीट वेटिंगवर होतं, पण म्हणाले, "हो जाएगा काका, हर साल होता है." किल्ली दिली. बायकोने त्यांच्या हातावर दही घातलं. मी बॅग रिक्षात ठेवली आणि कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत हात हलवला. दुसऱ्या दिवशी वॉचमनने माझ्याकडे बघून तसाच हात हलवला. खरं सांगतो, मीही कोपऱ्यापर्यंत हात हलवत राहिलो.

*

बेटेगावात मेव्हण्याने आवारात चाळ बांधलीय. खोल्याखोल्यांत कंपनीतली माणसं. पाण्याचा टँकर येतो, पण बोईसरचं कुणी दिसेल या धास्तीने मी घराबाहेरच पडत नव्हतो. इज्जतीचा प्रश्न होता. बिल्डिंगमध्ये कळलं असतं, तर पुढच्या मेमध्ये किल्ल्यांबरोबर हसणंही सांभाळावं लागलं असतं.

मेव्हणा मात्र एका सकाळी म्हणाला, "भावजी, पाहुणचार झाला. आता बादली उचला."

तोंडाला रुमाल बांधून मी टँकरच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढचा माणूस लुंगीत, डोक्यावरून टॉवेल घेतलेला. माझ्यासारखाच मान खाली घालून. रांग सरकली, माझी बादली त्याच्या पायाला लागली. तो वळला.

मिश्राजी.

त्यांनी माझ्या रुमालाकडे पाहिलं. मी त्यांच्या टॉवेलकडे. तिकीट वेटिंगवरच राहिलं होतं तर. पाईपला पाणी आलं. त्यांनी स्वतःची बादली बाजूला घेतली आणि माझी पुढं सरकवली.

"काका," ते हळू आवाजात म्हणाले, "गाँव अच्छा है आपका."

मी म्हटलं, "तुम्हारा भी."